मोजलेला डोह

पावसाळा लागला की आमच्या घरी मासोळी शिजणं बंद व्हायचं. ढिवराचं घर, पुढ्यात भरलेली वैनगंगा, आणि ताटात लाखोळीचं वरण. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण पुरात जाळं टिकत नाही, आणि डोंगा, म्हणजे आमची लाकडी नाव, टाकला तर डोंगाही परत येत नाही. मग माय दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्यावर जायची. संध्याकाळी पदरात कनकी, तांदळाची चुरी, बांधून आणायची, तिची पेज व्हायची. बा ओसरीवर बसून जाळ्याची भोकं सांधायचा. त्या दिवसांत तो कोणाशी बोलत नसे. आम्ही भावंडंही त्याच्या वाऱ्याला उभे राहत नसू.

आमचा हंगाम उन्हाळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला आमचं गाव. फाल्गुनानंतर नदी रेतीत रुतून एका बारक्या धारेवर येते. पण गावाच्या खालच्या अंगाला, काळ्या खडकाच्या पायथ्याशी, एक डोह होता. आजूबाजूची नदी आटली की सगळी मासोळी जीव धरायला तिथं येई. आमचा अख्खा ढिवर मोहल्ला त्या डोहावर उन्हाळा काढायचा. मायच्या टोपल्यातली मासोळी सावलीच्या बाजारात जाई, आणि तिथून माझी पुस्तकं, वसतिगृहाचं जेवण, अंगावरचा एकुलता शर्ट येई. मी चंद्रपूरच्या कॉलेजात भूशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. आमच्या मोहल्ल्यातला पहिला पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही. मोहल्ल्यात विचारत, "बुधाचा पोट्टा काय शिकून राह्यला?" उत्तर मिळे, "धोंड्याचं."

या डोहाची एक रीत होती. तो मोजायचा नाही. दोराला दगड बांधून आत सोडायचा नाही, बांबू उभा करून पाहायचा नाही. जाळंसुद्धा आखूड बांधायचं, त्याच्या मण्या, म्हणजे खालची वजनं, तळाला लागता कामा नयेत. चैत्रात पहिलं जाळं टाकायच्या आधी नारळ आणि कोंबडा. म्हातारे सांगत, या डोहाला तळ नाही, खालून तो समुद्राला लागला आहे. मी भूशास्त्राचा विद्यार्थी, मला हसू येई. पण मीही कधी दगड सोडला नव्हता.

पुढे मला नोकरी लागली ती नदी मोजायचीच.

नदीमापन केंद्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण निम्म्या लोकांना ते हवामान खातं वाटतं आणि उरलेल्यांना मासेमारीचं. काठावर एक खोली, पाण्यात रंगवलेली मोजपट्टी, एक डोंगी. रोज सकाळी पाण्याची पातळी पाहायची, धारेचा वेग पाहायचा आणि बाटलीत पाणी भरायचं. ते पाणी गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवायचा, तोलायचा. किती पाण्यात किती माती, हे त्यातून कळतं. त्यावरून वर्षभरात नदीनं किती जमीन उचलून नेली याचा अंदाज निघतो. धरण बांधणारे, पूल बांधणारे, कालवे काढणारे सगळे त्या आकड्यावर उभे असतात. नदी आठ महिने जवळजवळ स्वच्छ पाणी वाहते. माती वाहते ती पुराच्या मोजक्या दिवसांत. ते दिवस चुकले की वर्ष चुकलं.

पूर असताना दोर सरळ खाली जावा म्हणून त्याला शिशाचं वजन बांधतात. ते माशाच्या आकाराचं असतं, पुढे तोंड, मागे शेपटी, म्हणजे ते धारेकडे तोंड करून स्थिर राहतं. आमचा खलाशी लच्छन्ना त्याला शिशाची मासोळी म्हणायचा. लच्छन्ना सिरोंच्याकडचा. घरी तेलुगू, आमच्याशी त्याची स्वतःची मराठी. पहिल्या दिवशी ते वजन माझ्या हातात देत तो म्हणाला, "घ्या जी. ढिवराच्या पोराले सरकारनं मासोळी देली. खाता येत नाई, पण पेन्शन देते."

आमचं केंद्र चंद्रपूरच्या बाजूला आणि लहानशी प्रयोगशाळा नदीपलीकडे, गडचिरोलीला. बाटल्यांचा खोका घेऊन एसटीनं जावं लागे. गडचिरोलीत नवी दारूबंदी. नाक्यावर शिपाई गाडीत चढला आणि खोक्यावर काठी वाजवून म्हणाला, "काय हाये बे हे?"

"नदीचं पाणी," मी म्हणालो.

"नदीचं पाणी बाटलीत भरून गडचिरोलीले? तिथी नदी नाई का?"

लच्छन्नानं बाटली काढून पुढे केली. "पिऊन पाहा न साहेब. सरकारी माल हाये."

शिपायानं बूच काढलं, हुंगलं, आणि खरंच एक घोट घेतला. खिडकीतून थुंकून त्यानं बाटली माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "अन् याचा पगार भेटते तुले?" गाडीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. पण त्यानं विचारलं ते खोटं नव्हतं, आणि पुढे ते मला फार वेगळ्या अर्थानं आठवायचं होतं.

केंद्रप्रमुख होते कानडे साहेब. पुण्याकडचे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. मी रुजू झालो त्याच पावसाळ्यात पाहिलं की पुराचा नमुना काठावरून घेतात. खलाशी पायरीवर उभा राहतो, हात लांब करतो, बाटली बुडवतो. काठाचं पाणी संथ असतं. संथ पाण्यातली माती आधीच खाली बसलेली असते. खरी माती वाहते ती मधल्या धारेत. मी साहेबांना म्हणालो, "सर, हा नमुना नदीचा नाही, पायरीचा आहे."

ते चिडले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. दुसऱ्या एका केंद्रावर पुरात डोंगी उलटून दोन खलाशी गेले होते. तेव्हापासून धोक्याच्या खुणेवर पाणी गेलं की डोंगी पाण्यात घालायची नाही, असा हुकूम होता. "त्यांतल्या एकाला मी ओळखत होतो," ते म्हणाले. "आकडा चुकला तर चुकू द्या. मला परत कुणाच्या घरी जाऊन दार वाजवायचं नाही."

पण हुकूम झाला तेव्हा नमुना दुसरीकडून कुठून घ्यायचा, याचा विचार कोणी केला नव्हता. केंद्राच्या थोडं खाली रस्त्याचा उंच पूल होता. त्यावरून दोर सोडला असता तर मधली धार मिळाली असती, आणि माणूस कोरडा राहिला असता. पण नदी आमच्या खात्याची आणि पूल बांधकामवाल्यांचा. त्यांच्या कठड्यावरून आमचा दोर सोडायला त्यांची परवानगी हवी, आणि ती मागायची कोणी, हे ठरलं नव्हतं. असं ते वर्षानुवर्षं चाललं होतं. म्हणजे पूर जितका मोठा, तितका कागदावरचा गाळ कमी. वैनगंगा जेव्हा चहासारखी वाहायची तेव्हा आमच्या नोंदीत ती स्वच्छ असायची.

हे सगळं मी गिळून बसलोही असतो. पण आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कालव्याचं खोदकाम सुरू झालं. कालव्यातून निघालेला मुरूम आणि रेती ठेकेदारानं नाल्याच्या काठावर ओतली. लांब नेण्यापेक्षा ते सोपं. बघता बघता टेकडी झाली. तो नाला डोहाच्या डोक्यावर नदीला मिळतो. एका पावसाळ्यात टेकडीचं एक अंग नाल्यात उतरलं.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तर बा जाळं उलटं करून बसला होता. मण्या घासून चकाकत होत्या.

"तळाले लागून राह्यलं," तो म्हणाला. एवढंच.

मी त्याला समजावून सांगितलं. मुरूम नाल्यातून येतो आहे, डोह भरतो आहे. आपल्या मच्छीमार संस्थेनं अर्ज केला पाहिजे, टेकडी उचलायला लावली पाहिजे. पण सरकार विचारेल, आधी किती होता आणि आता किती आहे. म्हणून पावसाच्या आधी डोह मोजायला पाहिजे.

बानं जाळं खाली ठेवलं. "काय करायला पाहिजे?"

"मोजायला."

"तुया आज्यानं नाई मोजला."

"आज्याच्या वेळी कालवा नव्हता, बा."

"मी तुले शिकवलं ते डोहानं शिकवलं. आता तू त्याच्या पोटात धोंडा सोडशीन?"

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष सोमाभाऊ आमच्या नात्यातले. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "अर्ज लिहून दे, मी अंगठा नाई, सही करतो. पण मोजायची गोष्ट मोहल्ल्यात काढू नोको. बाया मारतीन तुले."

डोंगा मायनं दिला. भर दुपारी, गाव झोपलं असताना, ती स्वतः काठावर आली आणि डोंग्याचा दोर सोडला. म्हणाली, "तुया बाले मी सांगीन का मीच पाठोवला. जा, लवकर कर." मी केंद्रातून शिशाची मासोळी आणली होती. डोहाच्या मध्यावर डोंगा नेला आणि ती पाण्यात सोडली. दोर हातातून सरकत होता. मी शिकलेला माणूस, पण खरं सांगतो, तळ लागू नये असं एक क्षण मला वाटलं. मग दोर सैल पडला. डोहाला तळ होता. काळ्या खडकावर पाण्याची खूण केली, त्या पातळीला दोरावर लाल चिंधी बांधली आणि काठाला आलो.

काठावर मायच्या बाजूला तीन-चार बाया उभ्या होत्या. एकीनं माझ्या हातातल्या शिशाच्या मासोळीकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळलं. बा त्या रात्री जेवला नाही.

पावसाच्या तोंडावर संस्थेचा अर्ज गेला. मीच लिहिला होता, आणि अजूनही मला तो चांगला लिहिलेला वाटतो. अर्जावर वरच्या कार्यालयानं विचारणा केली, नदीत गाळ खरंच वाढला आहे का? विचारणा कुठं यायची? आमच्याच केंद्रात. कानडे साहेबांनी पायरीवरच्या बाटल्यांचे आकडे पाठवले. उत्तर आलं: पूरकाळात गाळाचं प्रमाण नगण्य, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.

सोमाभाऊंनी ते उत्तर बाला वाचून दाखवलं. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा बानं मला ओसरीवर बसवून घेतलं. मग म्हणाला, "नगण्य म्हणजे काय होते?"

"मोजण्याइतकं नाही, असं."

"अन् हे तुयाच हापिसानं लिहलं."

"हो."

"मंग डोह काऊन मोजला आमचा? तिकडं मोजाले पैसे नाई भेटत?"

श्रावणात मोठा पूर आला तेव्हा मी लच्छन्नाला म्हणालो, "पुलावर चल." तो काही न विचारता दोर आणि शिशाची मासोळी घेऊन आला. मी म्हणालो, "नोकरीवर येईल." तो म्हणाला, "तुमच्या येईन. मी त तुमच्या हुकमानं आलो." पूल थरथरत होता. खाली अख्खी झाडं वाहत होती. आम्ही मधल्या धारेत दोर सोडला, नमुने घेतले आणि खोलीत आणून काठाच्या बाटलीशेजारी ठेवले.

दोन दिवसांनी कानडे साहेबांना दाखवले. काठाच्या बाटलीत तळाशी कागदाएवढा थर होता. पुलावरच्या बाटलीत बोटभर चिखल बसला होता. साहेब चष्मा काढून बघत राहिले.

"हे पुलावरून घेतलंत?"

"हो सर."

"परवानगी?"

"नाही सर."

"मग हे मी नोंदवू शकत नाही," ते म्हणाले. "नियमाच्या जागेवरचा नमुना नाही हा." मग हळू आवाजात म्हणाले, "बाटल्या फेकू नका." आणि मला मेमो दिला. मी त्यांच्यावर राग धरू शकलो नाही, आणि सोडूही शकलो नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पुलावरचा आकडा धरला असता तर सगळं बरोबर झालं असतं. आमची बाटली फक्त तरंगती माती पकडते. बारीक, पिठासारखी. जाड रेती आणि मुरूम तळावरून गडगडत, उड्या मारत पुढे सरकतात. त्या बाटलीत कधीच शिरत नाहीत, कुठूनही सोडा. आमच्या डोहात भरत होता तो हाच गडगडणारा माल. म्हणून मला दोन्ही पाहिजे होतं, मधल्या धारेतली बाटली आणि डोहाची खोली. सरकारनं पहिली घेतली नाही, गावानं दुसरी माफ केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खडकावरच्या त्याच खुणेला पाणी आलं त्या दिवशी मी परत डोंगा घातला. या वेळी लपून नाही. काठावर मोहल्ला जमला होता, बाही होता. शिशाची मासोळी सोडली. दोर लगेच सैल झाला. लाल चिंधी पाण्याला टेकलीच नाही, माझ्या छातीच्या उंचीवर हवेत लोंबत राहिली.

मला वाटलं होतं, आता तरी पटेल. आकडा डोळ्यांसमोर होता, शाळा न शिकलेल्यालाही वाचता येईल असा. काठावरून एका म्हातारीचा आवाज आला, "मोजला म्हणून भरला."

मग तेच सगळे म्हणू लागले. गेल्या साली मोजला, या साली भरला. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब चुकत नव्हता. मी मुरूम सांगितला, नाला सांगितला, ठेकेदार सांगितला. सोमाभाऊ माझ्या बाजूनं दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. त्यांनाही त्याच मोहल्ल्यात राहायचं होतं. बा उठून घरी गेला. चिंधीची खोली मी वर कळवली. उत्तर आलं की आधीची मोजणी अधिकृत नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही.

त्यानंतर दोन पावसाळ्यांत डोह सपाट झाला. मोहल्ल्यातली पोरं हैदराबादकडे विटाभट्टीवर जाऊ लागली. मी महिन्याला घरी जायचो, माय भात वाढायची, बा बाहेर बसायचा.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एका समुद्रविज्ञान संस्थेतल्या बाई आमच्या केंद्रावर आल्या. सोबत दोन विद्यार्थी. त्यांचं काम असं होतं: वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. या रस्त्यानं जमिनीवरची माती समुद्रात जाते. जाते म्हणजे नेमकी कुठं जाते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी आमचे आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कसं शक्य आहे? समुद्रात जेवढी माती सापडते, त्यापेक्षा तुमची नदी फारच कमी आणते आहे."

मी कपाटावरच्या बाटल्या खाली काढल्या. धूळ पुसली, हलवल्या. चिखल उठला.

"या कुठल्या?"

"मधल्या धारेतल्या. पुलावरून."

"मग पुलावरूनच का घेत नाही?"

"परवानगी नाही, मॅडम."

त्यांनी पत्र लिहिलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत परवानगी आली. एवढंच नव्हे, पुलाच्या कठड्यावर बसवायला हाताचं रहाट आलं, त्याला दोर, आणि कोरी करकरीत शिशाची मासोळी. लच्छन्ना ते रहाट फिरवून पाहत म्हणाला, "गावानं मागतलं त नगण्य. समुद्रानं मागतलं त रहाट." मी त्याला गप्प राहायला सांगितलं. खरं तर मला तेच म्हणायचं होतं.

गाळ गाळण्याचा माझा हात बसलेला, म्हणून बाईंनी मला जहाजावर मागून घेतलं. मी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. पहिले दिवस उलट्यांत गेले, त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही.

गोदावरीच्या मुखासमोर आवाजानं खोली मोजायचं यंत्र लावलं. जहाजातून आवाज खाली जातो, तळाला आपटून परत येतो, त्यावरून कागदावर तळाची रेघ उमटते. शिशाची मासोळी लागत नाही. रेघ बराच वेळ सपाट चालली होती. मग एकदम खाली कोसळली. मला वाटलं यंत्र बिघडलं. बाई म्हणाल्या, "ही बघा, दरी." समुद्राच्या तळावर, नदीच्या मुखाच्या जवळूनच सुरू झालेली खोल दरी. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि ती उतरत उतरत खोल समुद्रात जाते. आपण घाट पाहतो तशीच, फक्त वर अंधारं पाणी.

मी विचारलं, "माती यात पडते?"

"पुराच्या दिवसांत मुखाशी साचते, दरीच्या तोंडावर. मग कधीतरी ढासळते. माती मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड. ते तळाला धरून उतारानं सुटतं, पाण्याच्या आत पाण्याचा लोंढा. दरीतून वाहत पार खोल समुद्राच्या मैदानावर जाऊन पसरतो."

हे मी पाहिलेलं होतं. नाल्याचं गढूळ पाणी डोहात शिरताना वर मिसळत नाही, खाली बुडी मारतं. लहानपणी आम्ही काठावरून ते बघायचो, निळ्या पाण्याखाली तांबडी जीभ सरकायची. मी बाईंना ते सांगितलं. मग म्हाताऱ्यांचं म्हणणंही सांगितलं, की डोह खालून समुद्राला लागला आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे हो." मला काही सुंदर वाटलं नाही. मी कठड्याला जाऊन उभा राहिलो.

दरीतून लांब नळी रुतवून चिखल वर काढला. नळी उभी चिरली तर आत थर होते, एकावर एक. जाड रेतीची नुसती पुसट रेघ, वर मऊ काळसर चिखल, परत रेघ, परत चिखल. एकेक लोंढा एकेक थर. एका थरात पानाचे कुजके तुकडे होते, शिरा दिसत होत्या. विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, हे तुमच्या जंगलातलं?" आलापल्लीचा साग असेल, बस्तरचं काही असेल, काठावरचं कुठलंही झाड असेल. मी छातीठोक सांगू शकलो नाही. त्या चिखलातला चमचाभर एका काचेच्या कुपीत मागून घेतला.

घरी गेलो तेव्हा बा म्हातारा झाला होता. डोळ्यांना कमी दिसायचं. कुपी त्याच्या हातात दिली.

"काय हाये?"

"समुद्राच्या तळची माती. आपली नदी तिथं नेते."

त्यानं बोटावर घेतली, चोळली. "पीठ हाये हे." हुंगली. "मासोळीचा वास नाई हिले." मग इतक्या वर्षांनी त्यानं मला डोहाबद्दल विचारलं. "आपली माती समुद्रात जाते म्हणतं. मंग आपला डोह काऊन भरला?"

मी सांगितलं. बारीक माती पाण्यात तरंगत जाते, थेट समुद्रापर्यंत. जाड रेतीला नदी तेवढी उचलू शकत नाही, ती वाटेत खोलगट जागा मिळाली की बसते. आपल्याकडे मुरूम आला, तो डोहात बसला.

बा ऐकत होता. कुपीचं झाकण त्याला लावता येईना, मी लावलं. तो म्हणाला, "म्हणजे बारीक होतं ते गेलं. जाडंभरडं इथीच राह्यलं."

"हो."

"तू बारीक निघाला."

मायनं आतून हाक मारली, "जेवा आता." बा उठला. मला हाताला धरू दिलं नाही.

तो त्यानंतरच्या हिवाळ्यात गेला. मी डोह मोजला म्हणून भरला असं तो मानायचा की नाही, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून तसंच सांगतात, आणि आता त्यांची नातवंडंही.

डोहाच्या जागी रेती आहे. उन्हाळ्यात तिथं डांगरवाड्या, खरबुजाच्या वाड्या, लागतात. मायनंही काही वर्षं लावली. सावलीच्या बाजारात ती जिथं मासोळीचं टोपलं घेऊन बसायची तिथंच डांगरं घेऊन बसायची. गिऱ्हाइकं विचारत, "बाई, मासोळी नाई आणली?" ती म्हणे, "पोट्ट्यानं मोजून टाकली." हसून म्हणायची, पण म्हणायची.

मुरुमाची टेकडी कोणी उचलली नाही. ती वाहून संपली.

मी निवृत्त झालो त्या दिवशी पुलावर गेलो होतो. पूर नव्हता, तरी नवा खलाशी रहाटाला तेल घालत होता. त्या केंद्रावर पुराचा नमुना आता काठावरून घेत नाहीत. पुलावरून, मधल्या धारेतून घेतात, आणि त्यासाठी कोणाला डोंगीत बसावं लागत नाही. एवढं झालं.